राबता

पावसाचे दोन-चार थेंब पुढच्या डाव्या चाकावर पडले आणि चर्र असा आवाज झाला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडले की होतो, तसा. शृंगारतळी अजून दीड किलोमीटर होती. रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली गाडी उभी करून, डोक्यावर छत्री धरून मी चाकापाशी वाकले होते. दोन्ही बाजूंना लावणी होऊन महिना झालेली हिरवीगार खाचरे, आणि त्यांच्यावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात काहीतरी करपल्याचा, घशाला धरणारा वास.

"ब्रेक धरलाय," आतून आई म्हणाली.

फर्लांगभर आधीपासून ती सांगत होती, गाडी डावीकडे ओढतेय म्हणून. स्टिअरिंग माझ्या हातात होते आणि मला तो ओढा रस्त्याच्या उताराचा वाटला. तिच्या हातात काहीच नव्हते, तरी तिला कळले. अकरा वर्षे तिने ही एकच गाडी चालवली. कुठल्या खड्ड्यात गाडी कशी कण्हते, क्लच किती वर आला की ती निघते, हे तिच्या अंगात मुरलेले आहे.

आईने गाडी शिकली ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा गाडी चालवणारी बाई नव्हती. जुनीच, लहानशी गाडी तिने घेतली आणि पहिल्या दिवसापासून तिला कामाला लावले. शृंगारतळीचा बाजार, गुहागरची बँक, कुणाच्या सुनेला कळा लागल्या तर चिपळूण, कुणाची आंब्याची पेटी एसटीपर्यंत. गाडी आमची, पण तिच्यावर राबता सगळ्या वाडीचा. राबता हा आईचा शब्द. विहिरीवर राबता असावा, वाटेवर राबता असावा, घरात राबता असावा, असे ती लहानपणापासून आम्हाला सांगत आली. माणसांची ये-जा, हातांची उठबस, वापर, वर्दळ, सगळे त्या एका शब्दात येते.

माघात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सांधा बदलला. त्यानंतर पुण्याला परत जाण्यापूर्वी मी जे केले, ते सगळे मायेपोटी केले. गाडी स्वच्छ धुतली. अंगणाच्या कडेला लावली. हँडब्रेक करकचून ओढला. वर जाड ताडपत्री घातली आणि चारी बाजूंनी सुंभाने घट्ट आवळली. खारा वारा लागू नये, पाऊस लागू नये, मांजरे टपावर बसू नयेत. चैत्रात फिजिओथेरपिस्टने तिला चालायला, जिने चढायला सांगितले, वैशाखात डॉक्टरांनी गाडी चालवायलाही हरकत नाही म्हटले. मीच फोनवरून नको म्हणत राहिले. "निदान अंगणातल्या अंगणात पुढेमागे करू दे," ती म्हणायची. मी म्हणायचे, "गाडी कुठे पळून जातेय? झाकून ठेवलीय ना."

झाकून ठेवली, म्हणूनच हे झाले. धुतल्यावर चार किलोमीटर तरी फिरवली असती तर चाकांतले पाणी उडून गेले असते. ते तसेच राहिले. वरून ताडपत्रीने दमट हवा आत कोंडली. सहा महिने. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वर्षभर समुद्रावरून मीठ येते. त्या हवेत ओले लोखंड कोंडून ठेवणे म्हणजे काय, हे यंत्र शाखेचा डिप्लोमा केलेल्या मला कळायला हवे होते.

चाक निवायला अर्धा तास लागला. मग दुसऱ्या गिअरच्या पुढे न जाता, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, आम्ही माघारी आलो. चिपळूणच्या एका गॅरेजला फोन केला. गाडी उचलून आणावी लागेल, आख्खा कॅलिपर बदलावा लागेल, माल यायला आठवडा लागेल. आई फोनजवळच उभी होती. म्हणाली, "आत रबरं असतात ना? तेवढी बदलता येत नाहीत?"

येतात. कॅलिपरचे किट मिळते. मुठीत मावेल एवढी पिशवी, तिच्यात एक जाड सील, एक धूळ अडवणारा बूट, पिनांची रबरे. दुसऱ्या दिवशी एसटीने चिपळूणला जाऊन दोन्ही बाजूंची किटे, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आणि गाडी टेकवायचे दोन लोखंडी स्टँड घेऊन आले. स्टँडला पर्याय म्हणून कुणी अंगणातला जांभ्याचा चिरा सुचवला होता. चिरा दिसतो भक्कम, पण तो मुळात सच्छिद्र, ओला झाला की आणखी ठिसूळ. नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यावर उभ्या गाडीच्या आसपास हात घालू नये. मी स्टँड लावले, वर स्टेपनीही गाडीखाली आडवी सरकवून ठेवली.

चाक काढले. डिस्कवर हात ठेवून फिरवून पाहिली, तसूभरही हलेना. उजवीकडची डिस्क ढकलल्यावर थोडी घासत का होईना, फिरत होती. इथे घाई केली की चूक होते. ब्रेक धरण्याची तीन कारणे असू शकतात आणि तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून बसलेल्या असतील. आतला पिस्टन अडकलेला असेल. नाहीतर कॅलिपरकडे येणारी रबरी नळी आतून सुजलेली असेल, म्हणजे पेडल दाबले की तेल पुढे जाते, पण परत यायला वाट नसते. नळीचा दोष असेल तर कॅलिपरवरची हवा काढायची निपल सैल केली की कोंडलेला दाब सुटतो आणि चाक मोकळे होते. मी निपल पाव आटा सैल केली. चार थेंब चहासारखे काळपट तेल आले. डिस्क होती तशीच. नळी निर्दोष.

पुढे लिहिण्यापूर्वी कॅलिपर म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण रोज ब्रेक दाबणाऱ्या पुष्कळांनी तो कधी पाहिलेला नसतो. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिच्यावर पकडीसारखा बसलेला बिडाचा जड तुकडा म्हणजे कॅलिपर. त्याच्या पोटात एक गोल विहीर असते आणि विहिरीत वाटीच्या आकाराचा, साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन. पेडल दाबले की तेल विहिरीत शिरते, पिस्टनला बाहेर ढकलते, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. मग त्याच रेट्याने सगळा कॅलिपर पिनांवरून मागे सरकतो आणि बाहेरच्या पॅडलाही ओढून आणतो. दोन्ही बाजूंनी डिस्क धरली जाते.

हे सगळे धरण्याचे झाले. पण सोडतो कोण? पाय उचलल्यावर पिस्टनला मागे नेणारी स्प्रिंग तिथे नाही. विद्यार्थी असताना मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. विहिरीच्या भिंतीत एक खाच असते, त्या खाचेत चौकोनी काठाचे रबरी सील बसवलेले असते आणि ते पिस्टनला कवटाळून असते. पिस्टन पुढे गेला की सीलची आतली कड त्याच्याबरोबर थोडी पुढे ओढली जाते, सीलला पीळ पडतो. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात परतते आणि जाता जाता पिस्टनला केसभर मागे घेऊन जाते. तेवढेच. मिलिमीटरच्या लहानशा भागाइतके. तेवढ्यावर चाक मोकळे होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण अडून बसलेल्या माणसाविषयी म्हणतो. इथे त्या रबराचा पीळ आपल्याला दर सिग्नलला, दर वळणाला, दिवसातून शेकडो वेळा सोडवत असतो.

पिना निघाल्या. वरची पान्याने हलकेच आली, खालची येईना. तिला दोन दिशांना थोडे थोडे फिरवत, मध्ये थांबत, पुन्हा फिरवत बाहेर काढली, तर अंगावर तांबडा चिखल. कॅलिपर डिस्कवरून सोडवल्यावर तो तेलाच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी आतून चिरते. त्याला सुंभाने चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगले. ज्या सुंभाने ताडपत्री आवळली होती, त्याचाच तो तुकडा. पॅड पाहिले. आतले आणि बाहेरचे सारखे झिजायला हवे. इथे आतले जवळजवळ संपलेले, बाहेरचे अर्धे शिल्लक. म्हणजे खालची पिन आजची नाही, कधीपासून कुरकुरत असणार. गाडी रोज चालत होती तोवर ती कशीबशी सरकत राहिली, उभी राहिल्यावर बसली.

गंज चढतो हे आपण पाहतो, तो फुगतो हे चटकन लक्षात येत नाही. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. घराच्या स्लॅबमधली सळई गंजून सिमेंट फोडून बाहेर येते ती याचमुळे. पिस्टन आणि विहिरीची भिंत यांच्यामधली फट असते केसाच्या जाडीच्या घरातली. तिथे गंजाला फुगायला जागाच नाही. सीलच्या खाचेत गंज धरला तर तो मागून सीलला रेटतो आणि जे रबर पिस्टनला सोडवायचे तेच त्याला आवळून धरते. धूळ अडवणारा बूट एका जागी फाटला होता, अर्ध्या नखाएवढा. मी गाडी धुतली तेव्हाचे पाणी तिथूनच गेले असावे.

आईला फाटका बूट दाखवला. तिने तो चष्मा लावून पाहिला आणि विहिरीकडे पाहिले. आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. माझ्या लहानपणी पंप बसला आणि रहाट थांबला. कुणी मोडला नाही, काढला नाही, नुसता थांबला. दोन पावसाळ्यांनंतर काकांनी तो फिरवून पाहिला तर कणा जागच्या जागी धरून बसलेला. जोवर पहाटेपासून त्याची कुई ऐकू येत होती तोवर त्याला कधी काही झाले नाही. शेजारचे एक घरही तसेच. मंडळी मुंबईला, घर कुलपात, वर्षातून एकदा गणपतीला उघडते. दारे फुगलेली, वाशांना वाळवी, चुलीचा धूर नाही म्हणून कौलांखाली कुबट ओल. त्या घराला वर्षभर कुणीही हात लावत नाही, आणि तेच वाडीत सगळ्यात लवकर म्हातारे झालेले घर आहे.

संध्याकाळी पिनांचा आणि कॅलिपर जिच्यावर बसतो त्या लोखंडी चौकटीचा गंज काढायचा होता. वायर ब्रशने वरवरचा निघाला, कोपऱ्यांतला हटेना. आई आत गेली आणि तांब्याचे हंडे घासायची चिंच घेऊन आली. चिंचेच्या दाट कोळात चौकट रात्रभर बुडवून ठेवली. पिना तासाभरातच काढून घेतल्या. सकाळी चौकट राखाडी, निर्मळ. सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, चुलीच्या कठड्यावर वाळवली. हा उपाय फक्त चौकटीपुरता आणि पिनांपुरता. पिस्टनच्या विहिरीत चिंच घालू नये. रॉकेल आणि पेट्रोल तर तिच्या आसपासही नेऊ नये. ब्रेकमधले रबर ब्रेकच्याच तेलाला सरावलेले असते, खनिज तेल लागले की ते फुगते आणि निकामी होते. साधे ग्रीसही चालत नाही. पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लागते, बोटाच्या पेराएवढे पुरते.

आता पिस्टन. गॅरेजमध्ये तो हवेच्या दाबाने उडवून काढतात आणि त्यात बोटे चेचली जातात. घरी त्याहून चांगला उपाय गाडीतच असतो. नळी जोडलेली ठेवायची आणि पेडल दाबायचे. ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात दाखवून दिले की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पायाखालच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन लहान, चाकाजवळचा मोठा, त्यामुळे क्षेत्रफळाच्या प्रमाणात बळ पाच-सहापट होते. गंजाची पकड मोडायला याहून सरळ आणि एकसारखा रेटा कुठला मिळणार? पण एक माणूस पेडलवर हवे आणि एक चाकाशी. घरात आम्ही दोघीच.

"मी बसते," आई म्हणाली.

मी म्हणाले शेजारच्या दादाला बोलावू. खूप जोर लावावा लागेल, इंजिन बंद असल्यामुळे पेडल दगडासारखे लागेल, गुडघा नवीन आहे.

"गुडघा माझा की तुझा?" ती म्हणाली आणि पदर खोचून चालकाच्या सीटवर जाऊन बसली. सहा महिन्यांनी. सीट एक घर पुढे घेतली, आरसा ठीक केला. आरशाचे काहीच काम नव्हते.

पिस्टनसमोर फणसाच्या फळीचा तुकडा धरला, तो एकदम उडून येऊ नये म्हणून. खाली घमेले. डावे पुढचे चाक गाडीच्या पलीकडच्या बाजूला, मी खाली बसलेली, त्यामुळे एकमेकींना दिसत नव्हतो. पावसाने पुन्हा धरले होते, अंगणातल्या मांडवाच्या पत्र्यावर तो वाजत होता, आणि आमचे सगळे बोलणे त्यातून ओरडून.

"दाब."

"दाबलं."

काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा दाबून धरायला सांगितले आणि कॅलिपरच्या बिडावर, पिस्टनच्या भोवताली, लाकडी मोगरीने हलके हलके ठोकत गेले. कपडे धुवायच्या मोगरीने. घणाचे काम नव्हते ते. गंजाचे कण सैल व्हायला थोडी थरथर पुरते. "धरून ठेव," मी ओरडत होते. "धरलंय," ती ओरडत होती. मग कुठेतरी आतून कट् असा बारीक आवाज आला, सुपारी फुटावी तसा, आणि पिस्टनच्या कडेभोवती चमकदार धातूची एक चंद्रकोर उगवली. पाठोपाठ आईचा आवाज आला, "हललं! पाय खाली गेला माझा!"

मला अजून काही दिसायच्या आत तिच्या तळव्याला ते कळले होते.

पुढचे काम सोपे. ती दाबत गेली, पिस्टन मिलिमीटर मिलिमीटर बाहेर येत गेला आणि शेवटी फळीवर टेकला. तेल भळकन घमेल्यात आले. थोडे हातावर, थोडे दारावर. हे तेल रंग खाते, म्हणून दार लगेच पाण्याने धुतले. ते पाण्यात विरघळते, कारण नाव ब्रेक ऑइल असले तरी ते तेल नव्हेच. नळी काढून तिचे तोंड बंद केले, आणि वरची टाकी रिकामी होऊ नये म्हणून पेडल थोडे दाबलेल्या स्थितीत काठीने सीटला टेकवून ठेवले.

त्या द्रवाविषयी थोडे बोलायला हवे. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, म्हणून आई तिच्यात तांदळाचे दाणे टाकते. ब्रेक ऑइल मिठाच्याच जातीचे, हवेतला ओलावा ओढून घेणारे. आणि ते तसे मुद्दाम केलेले असते. पाणी एका जागी साचून गंज धरू नये, ते उकळू नये, सगळीकडे विरघळून विखुरले जावे म्हणून. पण विरघळलेले पाणीही आपला हिस्सा मागतेच. डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ वर येते. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला राहिला, त्यातही एक चाक धरलेले असले, तर तेवढी उष्णता सहज पोचू शकते. मग द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पाय थेट खाली जातो. म्हणून हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. आमचे सहा वर्षांचे होते. पावसात आईने कितीदा तरी तो घाट उतरला असेल, या विचाराने त्या दुपारी मी घमेल्यातल्या काळ्या तेलाकडे बराच वेळ पाहत बसले.

पिस्टन स्पिरिटने पुसला. पोलादावर क्रोमचा मुलामा. बूट फाटला होता त्या बाजूला तांबडे डाग, नखाने चाचपले तर पृष्ठभागाखाली गेलेले खड्डे नाहीत. नखाला खड्डा लागला असता तर पिस्टन नवाच घ्यावा लागला असता, कारण त्या खड्ड्यावरून सील सरकताना रोज थोडे कापले जाते. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने डाग हलकेच उतरवले. विहिरीतली खाच साफ करायला मात्र अख्खी सकाळ गेली. खाचेच्या कोपऱ्यात गंज आणि जुन्या तेलाचा राळेसारखा थर होता. लोखंडी टोकाने खरवडले तर ओरखडे पडतात. मी उदबत्तीच्या काड्यांना चिंधी गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक काडी काळी होईपर्यंत फिरवत राहिले. किती काड्या झाल्या कोण जाणे. हे काम मला मनापासून आवडले. बाहेर पाऊस, मांडवाखाली उजेड राखाडी, माजघरातून घावनांचा वास, आणि हातात एक अशी वस्तू की जिचा प्रत्येक कोपरा कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे.

या ब्रेकची कल्पना तशी जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली. त्याच्या ब्रेकमध्ये डिस्कला धरणारे तुकडे तांब्याचे होते, ते लवकर झिजत. मग निम्मे शतक ड्रम ब्रेकचे राज्य चालले. ड्रममध्ये सगळे काम झाकणाच्या आत चालते, त्यामुळे उष्णताही आतच कोंडते. १९५३च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकची जग्वार ताशी सरासरी १७० किलोमीटरने पळवून जिंकली, तेव्हा या उघड्या तबकडीची किंमत सगळ्यांना पटली. तिची ताकद उघडेपणात आहे. वारा लागतो म्हणून ती निवते. पाऊस लागतो, पृष्ठभागावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो, आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांत पॅड तो पुसून टाकतात. रोज गंजायचे आणि रोज घासून निघायचे, असा तिचा दिनक्रम ठरलेला. मी तो मोडला होता.

नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवले. बोटानेच बसवायचे, कुठे पीळ राहिला का ते बोटानेच फिरवून पाहायचे. नवा बूट चढवला. पिस्टनला तेल लावून विहिरीच्या तोंडाशी धरला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. सरळ धरला तर जातो, जरा कलला तर अडतो. दोनदा अडला. तिसऱ्यांदा श्वास सोडून दाबला तर लोण्यात बोट जावे तसा आत उतरला, शेवटपर्यंत. मी आईला हाक मारून बोलावले आणि तिला तो पुन्हा पुन्हा दाखवला.

उजवी बाजूही तशीच उघडली. ब्रेकचे काम एका बाजूचे करू नये, दोन्ही चाकांची पकड सारखी हवी. तिथे फार काही नव्हते. बूट धड, पिस्टन हाताने हलणारा. रबरे बदलली, पॅड दोन्हीकडचे नवे घातले.

राहिली हवा काढणे. निपलला सलाइनची पारदर्शक नळी लावली, तिचे दुसरे टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवले. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. पेडल अगदी तळाला गेले तर मास्टर सिलिंडरची जुनी रबरे कधी न गेलेल्या, गंजलेल्या भागावरून जातात आणि कापली जातात. आई पुन्हा सीटवर. तीन वेळा दाब, मग धर. मी निपल सैल करते, तेलातून बुडबुडे येतात, "गेलं खाली" असे ती सांगते, मी निपल आवळते, आणि मगच "सोड." निपल आवळण्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून. मध्येच टाकीत तेल घालायचे, ती कधी रिकामी होऊ द्यायची नाही. दाब, धर, सोड. शाळेत कवायत घेणाऱ्या आईला हा ताल लगेच जमला.

नळीतले बुडबुडे संपले. मला वाटले झाले.

"नाही," ती म्हणाली. "अजून सैल कणकेवर पाय पडल्यासारखं लागतंय."

मी पुन्हा निपल उघडली. दहा-बारा वेळा स्वच्छ, मधाच्या रंगाचे तेल आले, आणि मग कुठूनतरी चुकून राहिलेला एक मोठा बुडबुडा डुलत डुलत नळीतून वर गेला.

"आता?"

तिने दाबून पाहिले. थांबली. पुन्हा दाबले.

"आता पुरीची कणीक."

वाडीतल्या मेस्त्रींना बोलावून आणले. ब्रेकच्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी नजर पडायलाच हवी, मग आपण कितीही शिकलेले असू. त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा पान्याने पाहिले, कुणाला तरी ब्रेक जोरात दाबून धरायला सांगून नळीचे जोड कोरड्या बोटाने चाचपले, चाक फिरवले, मान हलवली. "बाय बसली होती काय पेडलवर?" एवढेच विचारले.

संध्याकाळी पाऊस उघडला. आमच्या घरापासून गावदेवीच्या देवळापर्यंत सौम्य उताराचा रस्ता आहे. आईच चालवणार होती, त्याबद्दल आता कुणी काही बोलले नाही. अंगणातच पाच-सहा वेळा पुढेमागे करून तिने ब्रेक अजमावले, मग गाडी रस्त्यावर घेतली. उताराच्या माथ्यावर थांबली. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोडलेला. मी बाहेर, रस्त्याच्या कडेला उभी.

तिने पाय उचलला.

क्षणभर काही झाले नाही. मग, कुणी ढकलल्याशिवाय, आपल्याच वजनाने, गाडी निघाली. आवाज नाही, घासणे नाही. ओल्या डांबरावरून टायर फिरल्याचा तेवढा चिकट सळसळाट. वीस पावलांवर तिने ब्रेक लावला, गाडी नाक न वळवता सरळ थांबली. पुन्हा पाय उचलला, पुन्हा निघाली. असे करत करत ती देवळापर्यंत गेली, तिथून वळून गिअर टाकून वर आली, आणि माझ्याजवळ न थांबता तशीच पुढे शृंगारतळीच्या दिशेने गेली.

तासाभराने परतली तेव्हा मागच्या सीटवर पडवळ, दोन नारळ आणि शेजारच्या काकूंची औषधे होती. मी आधी डाव्या चाकाशी गेले, तळहात ठेवला. मग उजव्या. दोन्ही सारखीच कोमट, उन्हात बसलेल्या मांजराच्या पाठीइतकी.

ताडपत्री मी घडी घालून माळ्यावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर आईने ती खाली काढून न्हाणीमागच्या लाकडांवर घातली होती. गाडी अंगणात उघडीच, टपावर पारिजातकाची फुले पडलेली. मी काही विचारायच्या आत आतून आवाज आला, "चावी खुंटीवर आहे. दळण आणायचंय, जातेस की जाऊ?"